भिकुबाईची वेलांटी

धुळे, ता. ११ जानेवारी १९६८

तीर्थरूप गिरधरभाऊ यास धाकट्या बेबाबाईचा पायाला हात लावून नमस्कार. (पाय सध्या माझेच दुखतायत, तुझ्यामुळे.) इकडे सगळे बरे. तुझा खोकला गेला का? वहिनीला म्हणावं, या थंडीत त्याला भाषणाला सोडू नको.

वाचनालयाने तुझं पत्रक छापलं, ‘धुळ्यातील थोरांची घरे’. वाटाड्या नको, कागद हातात घ्या आणि आपले आपण फिरा, असं वर लिहिलंय. भावाने लिहिलंय म्हणून मी चौथी शिकलेली बाई चष्मा लावून निघाले. पहिलं घर गायकबुवांचं. ‘उंच ओटा, समोर कडुनिंब.’ भाऊ, तू जळगावला जाऊन वीस वर्षं झाली, आणि तो निंब पडूनही दहा झाली. तिथे आता रतिलाल शेठ राहतात. माझ्या हातात कागद बघून त्यांना वाटलं, नगरपालिकेने बाई पाठवली. खुर्ची दिली आणि मग मागे नेऊन तुंबलेलं गटार दाखवलं. ‘लिहून घ्या बाई, लिहून घ्या’ असं चाललेलं, म्हणून मी पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं. (सोबत पाठवते. कुठे लावायचं ते तूच बघ.)

पुढचं घर वकीलसाहेबांचं. तू लिहिलंस गल्ली नंबर पाच. ते जन्मभर चारात राहिले, गावाला ठाऊक. पण छापलंय ना, म्हणून मी पाचात जाऊन कडी वाजवली. म्हातारी ताजबी बाहेर आली. विचारलं, इथे थोर कोण राहत होतं? ती म्हणे, राहत होतं कसलं, आम्हीच राहतो. मग माझं तोंड निरखून म्हणाली, “तू भिकुबाईनी पोर शे ना?” आणि बाही सारून कोपर दाखवलं. लग्न होऊन आली त्या साली माळ्यावरून पडली होती, तेव्हा मायने बसवलेलं. अजून सरळ आहे. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. (थोरांच्या घरी कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.)

शेवटचं, नववं घर आपलं, माय-नानांचं. ‘येथे प्रख्यात हाडवैद्य नाना राहत होते. हजारो हाडे त्यांनी जुळवली.’ भाऊ, देवाची आण घेऊन सांग, नानांनी किती जुळवली? माणूस ओरडला की नानांना घेरी यायची. ते भिंतीकडे तोंड करून ‘राम म्हणा, राम’ म्हणायचे आणि ओढायची माय. तुझं मनगट कुणी बसवलं? त्याच मनगटाने हे लिहिलंस! नानांवर राग नाही, ते राम फार छान म्हणायचे. पण नऊ घरांत तुला एक बाई दिसली नाही? मग तिथे भाकऱ्या कोण थापत होतं, वकील?

वहिनीला नमस्कार. हे मी रागाने लिहिलंय, तू शांतपणे वाचू नको.

तुझी बेबा

ता. क. पत्रक नवं छाप म्हणून सांगायला हे लिहिलेलं नाही. मी रोज दुपारी वाचनालयात बसून एकेका पत्रकावर पेन्सिलीने लिहितेय, ‘राम नाना म्हणत, हाडे भिकुबाई बसवी.’ तिथला कारकून निंबा पेन्सिलीला टोक काढून देतो. त्याचा खांदा मायनेच बसवलाय.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. ‘भिकु’तल्या भ ला पहिली वेलांटी की दुसरी? माय असती तर तिला विचारलं असतं, पण तिलाही कुठे आपलं नाव लिहिता येत होतं. तू मास्तर आहेस, उलट टपाली कळव. पहिलीने दोनशे पत्रकं लिहून झालीत, शंभर उरलीत. दुसरी असेल तर कळवू नको.