एक बिंदू वगळलेली रेषा

क्योतो, ४ ऑक्टोबर १९८३

ती. सुमिएताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिवलेली, साठीला घालायच्या रीतीची लाल बंडी पोचली. कुझुमी सरांना साठीच्या समारंभात झकास दिसेल.

पण ताई, घोळ झालाय. त्या दिवशी मला सरांच्याच द्वैताच्या प्रमेयावर बोलायचंय, आणि ते प्रमेय चुकलंय! ते डी-मॉड्यूल नावाच्या गोष्टींबद्दल आहे. डी-मॉड्यूल म्हणजे समीकरणांचं बिऱ्हाड समज. प्रत्येकाला एक जोडीदार असतो. सर म्हणतात, आधी बिऱ्हाड दुसऱ्या जागी हलवा आणि मग जोडीदार काढा, किंवा उलट करा, उत्तर एकच. पण साध्या रेषेतला एक बिंदू वगळला की दोन वेगळी उत्तरं येतात. जागेला भोक नको, ही अट सर घालायलाच विसरले आणि आम्ही सगळे इतकी वर्षं तेच घोकत बसलो. आता काय करू?

आईला नमस्कार. उत्तराची वाट बघतोय.

तुझा,
तेत्सुरो

मात्सुए, ७ ऑक्टोबर

चि. तेत्सुरोस,
अ. उ. आ.

काय करू म्हणजे? गप्प बस! सेंदाईच्या विद्यापीठातली नोकरी सरांच्या शिफारशीवर आहे, आणि शिनोबुच्या वडिलांनी तुमचं लग्न त्या नोकरीवर अडवून धरलंय. ती पोरगी बिचारी कधीची थांबलीय. आणि तू भर समारंभात म्हाताऱ्याचं नाक कापणार? अरे, रेषेवर एवढे बिंदू पडलेत, एक गेला तर कोणाच्या बापाचं काय जातं? आई म्हणाली, याला लहानपणापासून दुसऱ्याच्या ताटातला केस आधी दिसतो.

दुसऱ्या कशावर तरी बोल. ऐकशील तर माझी माया आहेच.

सुमिए

क्योतो, १७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

बोललो. रागावू नकोस.

सर ताडकन उठले, माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्याशी झटत बसले. बंडी पांढरीफटक झाली. तिकडे हॉटेलात जेवायला जमलेले पाहुणे आणि सरांच्या पत्नी ताटकळल्या, मासे गार झाले. शेवटी सर म्हणाले, सेंदाईची शिफारस मी मागे घेतो, हे निस्तरेपर्यंत तू मला इथेच हवास. पगाराचं विचारलं तर म्हणाले, बघू. ताई, खरं सांगू, मला फार आनंद झाला.

जमलं तर क्षमा कर.

तेत्सुरो

मात्सुए, २२ ऑक्टोबर

चि. तेत्सुरोस आशीर्वाद, नाइलाजाने.

आनंद झाला म्हणे! समीकरणांचं बिऱ्हाड निस्तरत बसाल, पण तुझं स्वतःचं कधी थाटायचं? शिनोबुच्या घरी तोंड दाखवायला मला जावं लागलं. तिचे वडील चहा अर्धा टाकून उठून गेले. शिनोबुने एवढंच विचारलं, की हा बोलला नसता तर कोणाला कळलं असतं का. मी म्हटलं, कुत्र्यालाही कळलं नसतं, आणि तोंड बंद ठेव म्हणून मीच बजावलं होतं. तर ती हसायला लागली! म्हणाली, असा माणूस माझ्यापासूनही काही लपवायचा नाही, बाबांना मी बघते.

शिनोबु म्हणाली, वर्षभर थांबेन, त्याच्यावर एक दिवस नाही, आणि हे सरांनाही कळवा. तेव्हा दोघं मिळून हात चालवा.

लोभ आहे, राग त्याहून जास्त आहे.

सुमिए