तुम्ही न खाल्लेले आंबे

बाबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली आणि मी आता आंब्यावरून लिहायला बसलोय. तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. मोहन्याच्या चाळीत तुम्ही कारखान्यातून येताना पायरी आणायचात, आई फोडी करायची, आणि तुम्ही तुमची बशी माझ्याकडे सरकवायचात. "खा रे, मला नको." आई लगेच, "बघ, बाप स्वतः खात नाही, तुला देतो. जाण ठेव." तुम्ही खाली बघत हात धुवायला उठायचात. ही गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेल! तुमच्या तेराव्याला सांगितली तेव्हा तर अख्खी चाळ रडलेली.

परवा वर्तकनगरला डॉक्टरीणबाईंकडे गेलेलो. फळं खाल्ली की माझं पोट टम्म फुगतं, ऑफिसात चारचौघांत बसायची लाज वाटते. त्यांनी साखरेचं पाणी पाजून नळीत फुंकायला लावलं आणि मग समजावलं. फळातल्या साखरेला आतड्याच्या पेशीत शिरायला तिचं वेगळं दार लागतं. तिथून ती रक्तात उतरते आणि पुढे यकृताच्या पेशी तिला आत घेतात. माझ्याकडे ती दारंच कमी पडतात. बाहेर राहिलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. "घरात आणखी कुणाला व्हायचं का असं?" त्यांनी विचारलं. मला आत्याकडचा आमरस आठवला. तिने आग्रहाने दोन वाट्या वाढल्या आणि तुमची सगळी दुपार संडासाच्या रांगेत गेली.

म्हणजे तुम्हाला पचतच नव्हता की हो. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. जन्मभर ज्या त्यागाखाली मान खाली घालून वागलो, तो हा? मग आठवलं, आंबे आणायचात मात्र तुम्हीच. रागावल्याची लाज वाटली.

काल लेकीला आंबा कापून दिला आणि माझी बशीही तिच्यापुढे केली. ती बायकोला म्हणते, "आई, पप्पा किती चांगले आहेत ना गं, स्वतः खात नाहीत, मला देतात." खरं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ऐकायला फार बरं वाटत होतं. मी खाली बघत हात धुवायला उठलो.

मला वाटायचं, कौतुक झालं की तुम्ही संकोचता. लेकीला अजून काही बोललेलो नाही. आज येताना टेंभी नाक्यावरून आणखी एक डझन आणलेत.