साबणाच्या डबीतलं बटण

आप्पा,

कॅमेऱ्याच्या पुढे उभं राहून फोटो काढायला मी या वयात शिकले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पुढं हुभारून फोटू काढत न्हाईत गं, काढून घेत्यात." मीही जन्मभर तसंच समजत होते. मंगळवार पेठेतलं आपलं दुकान अजून आहे, पाटीही तीच आहे, फक्त रोल धुवायच्या खोलीत आता कॉम्प्युटर आला आणि त्याच्यापुढे माझी सून बसलेली असते. लग्नं हल्ली आपल्याकडे फारशी येत नाहीत, त्याला ड्रोनवाली पोरं असतात. आपल्याकडे येतात ती बॅनरची गिऱ्हाइकं. वाढदिवस असला की गॉगल लावून, हात जोडून, छाती काढून. आणि कुणी गेलं की घरातल्या जुन्या ग्रुप फोटोतून त्या एकट्याला कापून काढायचं, त्याच्या खांद्यावर राहिलेला दुसऱ्याचा हात पुसायचा आणि मागे ढग टाकायचे. सून हे काम इतक्या सफाईने करते की बघत राहावं. तिचा माउसवरचा स्थिर हात बघितला की मला बरंही वाटतं आणि थोडं पोटातही दुखतं.

माझा हात थरथरतो, आप्पा. उजवा जास्त, डावा थोडा. पहिल्यांदा वाटलं, चहा जास्त होतोय. मग एक दिवस स्क्रीनकडे बघत सून म्हणाली, "आत्ती, ह्यो बी हाललाय." हलला होता खरा. फ्लॅश मी कधीच सोडून दिलाय, बाजूला दोन पांढरे दिवे असतात. त्या उजेडात शटर जरा निवांत उघडं राहतं, आणि माझा हात निवांत राहत नाही. डॉक्टरकडे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं तुम्ही म्हणायचा, तरी गेले. त्यांनी कागदावर वेटोळी काढायला लावली. माझी वेटोळी बघून मलाच लाज वाटली. म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे पुरतं जाणारही नाही. पुष्कळदा घराण्यातून येतं, तुमच्यात कुणाला होतं का? मी छातीठोकपणे नाही म्हणून सांगितलं. आमच्या आप्पांचा हात म्हणजे दगड होता, असंही वर म्हटलं. आणि घरी येऊन रडले. जीव शाबूत आहे म्हणून देवापुढे साखर ठेवायची सोडून, धंदा जाणार म्हणून रडले. कारण मला दुसरं येतं काय, आणि मुळात मी कोण, तर तुम्ही जिच्या गळ्यात कॅमेरा घातलात ती पोरगी.

पेठ वडगावचं ते लग्न मी आजवर किती जणांना सांगितलं असेल. मांडवात ही गर्दी, अक्षता पडायच्या बेतात, आणि तुम्ही स्वतःच्या गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घालता. मी ओढणी सावरत उभी. शेजारी तुमचा फ्लॅश धरणारा माणूस, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो, तोही बघतच राहतो. नवरदेवाचा चुलता पुढे येतो, "काय पावणं, पोरगी काढणार व्हय फोटू?" तुम्ही म्हणता, "व्हय. जमतंय तिला." आणि स्वतः पुढे जाऊन वऱ्हाडाला ओळीत लावायला लागता. "आज्जी, पदर नीट घ्या. आवो दाजी, लगीन तुमचं न्हवं, जरा मागं सरा की." लोक हसतात आणि मी दाबते. जेवणाच्या पंगतीत घाबरून नवरा-नवरीच्या एकाच घासाचे दोन फोटो काढले, तेव्हा भर मांडवात ओरडलात, "रोल काय तुझ्या बापाचा हाय व्हय?" मामा म्हणाला, "मग कुणाचा?" तेव्हा तुम्हालाही हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही पुढे आणि मी मागे, तुम्ही जाईपर्यंत तसंच चाललं. आमच्या आप्पांना माझी नजर पटली, म्हणून त्यांनी कॅमेरा मला दिला, हे मी सासरीसुद्धा ताठ मानेने सांगत आले. त्या भांडवलावर जगले म्हणा ना.

तर आता डबीचं सांगते. कॅमेरा स्टँडवर असला तरी बटण दाबताना हाताचा हिसका त्याला बसतोच. म्हणजे त्याला न शिवता दाबता आलं पाहिजे. आपला कॅमेरा जुना, त्याला तार जोडायला भोक नाही, पण टीव्हीसारखा रिमोट चालतो. सुनेने ऑनलाइन एक मागवून दिला. त्याचं बटण मसुराएवढं. माझा अंगठा त्यावर धड टेकेना, आणि टेकला तर दोनदा दाबला जायचा. सून म्हणाली, "आत्ती, तुमी नुसतं सांगा, दाबतो की मी." मी म्हटलं, "तू तुझ्या ढगांचं बघ." मग तुम्ही जबरदस्तीने घातलेलं आयटीआय आठवलं. बाकीच्या पोरी शिवणाला, मी एकटी रेडिओ-टीव्हीला. "फोटूचा धंदा पोट भरंल न भरंल, हातात दुसरी विद्या असू दे," म्हणाला होतात. ती विद्या इतकी वर्षं दुकानातले फ्लॅश दुरुस्त करण्यापलीकडे गेली नव्हती.

घरात पडलेल्या केबलच्या जुन्या रिमोटमधून पुढचा बारका दिवा काढला आणि बाजारातून नखाएवढी चिप आणली. त्या दिव्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. चिप तो ठरलेल्या तालात चालू-बंद करते, आणि कॅमेरा फक्त तोच ताल ओळखतो, घरच्या माणसाने दार वाजवलं की ओळखू येतं तसं. चिपला तो ताल कसा शिकवायचा, हे इंटरनेटवर कुणा भल्या माणसाने लिहून ठेवलं होतं. बटण म्हणून दारावरच्या बेलची कळ घेतली, तळहाताने दाबता येईल अशी, आणि सगळं साबणाच्या डबीत बसवलं. सोल्डर करताना मात्र रडकुंडीला आले. दोन्ही मनगटं टेबलाला टेकवली तरी टोक न्यायचं तिथे जाईना. एक चिप जाळली. शेवटी सुनेने चिमट्यात तार धरली आणि मी डाग दिला. "माझं बोट सोडून कुठंबी द्या, आत्ती," म्हणाली. तेवढी मदत मी मुकाट्याने घेतली.

आणि कळ दाबली तर काही नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून डबीकडे बघितलं, तर दिवा जांभळट लुकलुकत होता. म्हणजे डबी बोलत होती, कॅमेराच ऐकत नव्हता. दोन दिवस मी जोड उकलले, पुन्हा केले, ताल तपासला, कॅमेऱ्याला शिव्या दिल्या. मग सून पडद्याजवळची खुर्ची सरकवायला निघाली, तेव्हा डबी तिच्या हातात होती. जाता जाता तिने सहज कळ दाबली आणि कॅमेरा वाजला! या कॅमेऱ्याचा कान पुढच्या अंगाला आहे, आप्पा. रिमोट केलाय तो स्वतःचा फोटो काढणाऱ्यांसाठी, त्यांनी पुढेच उभं राहायचं असतं. आणि मी दोन दिवस मागे उभी राहून दाबत होते, कारण आपल्यात फोटो काढणारा मागेच उभा राहतो. "काखेत कळसा!" म्हणत सून पोट धरून हसली. मीही हसले. पुढे जाऊन बघावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मलकापूरकडचे एक म्हातारबाबा आले. एकटेच, कोरा फेटा बांधून. "बाई, भिंतीवर लावायचा फोटू काढायचाय. मागनं पोरं कसला बी लावत्यात. आमचा शेजारी गेला, तर त्येचा आधार कार्डावरचाच मोठा करून लावला. चोरागत दिसतोय बिचारा." मी त्यांना खुर्चीत बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला आणि पुढे येऊन, जरा बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. डबी उजव्या हातात. थरथर त्यांना दिसू नये म्हणून तो हात पाठीमागे नेला. डबीचा दिवा तिकडून आपसूकच कॅमेऱ्याकडे झाला. विचारलं, "भात कसा झालाय औंदा?" म्हणाले, "निम्मा रानडुकरानं खाल्ला, निम्मा आमी. भावकीत बी इतकी सरळ वाटणी झाली न्हवती." आणि स्वतःच्याच बोलण्यावर असे मोकळे हसले की मी दाबून टाकलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आता काढा की."

"काढला की, बाबा."

"आं? कवा? आन् हात का मागं लपवलाय, बाई? काय देणार हाय व्हय मला?"

मी हसले. आणि हसता हसता मला तुम्ही दिसलात. वडगावच्या मांडवात, सगळ्यांच्या पुढे उभे, हात पाठीशी, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरलेलं. पुढच्या प्रत्येक लग्नात तसेच. मला ती ऐट वाटायची. आणि स्वयंपाकघरात चहाच्या वेळी तुम्ही आईला म्हणायचा, "अर्धाच वत." ती आम्हाला सांगायची, साखरेला भ्यात्यात. तुम्ही ओट्याकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून, उभ्याउभ्या, पेला दोन्ही हातांनी धरून चहा प्यायचा. मीही आता कप अर्धाच भरते, भरलेला सांडतो म्हणून. म्हातारबाबा पैसे देऊन गेले तरी मी तिथेच उभी होते.

आधी तुमचा राग आला. एवढी वर्षं एका दुकानात, लग्नापर्यंत एका घरात राहून तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मग त्याहून वाईट वाटलं. म्हणजे तो कॅमेरा माझ्या नजरेमुळे माझ्या गळ्यात पडला नव्हता, तुमच्या हातामुळे पडला होता. नवरदेवाच्या चुलत्यासमोर हात थरथरायला नको, म्हणून पोरीला पुढे केलं. जे मी ताठ मानेने सांगत फिरले, ते तुमचं झाकण होतं. मला खूप एकटं वाटलं, आप्पा. तुम्ही गेलात तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

काल सकाळी भाकऱ्या थापताना मामा आठवला. थापताना हात कमी थरथरतो, डोकंही जरा चालतं. मामा तुमच्याबरोबर कितीतरी वर्षं होता. त्याला फोकस करता येत होता, तुम्ही आजारी असताना पंधरा-पंधरा दिवस दुकान त्यानेच ओढलं होतं. मी तोवर पासपोर्टचे फोटो सोडले तर काही काढलंच नव्हतं. कॅमेरा सोडायला तुम्हाला हाताने भाग पाडलं असेल, पण सोडताना मामा हाताच्या अंतरावर उभा होता, आणि तुम्ही त्याला ओलांडून माझ्याकडे आलात. कुणीही मामालाच दिला असता. हे मी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत स्वतःला समजावत होते. मला वाटतं ते खरं आहे. तुम्ही समोर असता तर विचारलं असतं, आणि तुम्ही नक्कीच काहीतरी खेकसून विषय बदलला असतात.

पण त्या भाकरीच्या वेळी आणखी एक गोष्ट डोक्यात आली, ती इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. तुमचा कॅमेरा तुम्ही आईलाही पुसू द्यायचा नाहीत. तो स्वतःच्या गळ्यातून काढताना तुम्हाला काय झालं असेल? मी फक्त माझ्या गळ्यात काय पडलं तेवढंच सांगत आले. तुम्ही तो काढलात आणि लगेच आज्जींचा पदर, दाजींची थट्टा सुरू केलीत, आणि मांडवात एकालाही काही कळू दिलं नाहीत.

म्हातारबाबांचा फोटो फार सुरेख आला. सून किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसली होती. तिने तो कापला नाही, मागे ढग टाकले नाहीत. म्हणाली, "आत्ती, ह्येला हात लावायला नगं." तिला कळतं, आप्पा. कधी दाबायचं तेही कळत असणार. मग हळूच म्हणाली, "पुढचा मी काढून बघू?" मी म्हटलं, "बघू."

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून खरं लिहून ठेवते. हात थरथरतो म्हणून ही डबी केली, असं मी सगळ्यांना सांगते. हात थरथरायला लागला की काय करायचं, ते तुम्ही मला करून दाखवलं होतं. मला ते करवत नाही. ही डबी मी सुनेला कॅमेरा द्यावा लागू नये म्हणून केलीय.