साडू, शिंपले आणि जस्त

३ मार्च
साडूचा संशोधनाचा पेपर छापून आला. धरणाजवळच्या शिंपल्यांत कॅडमियम! बातमीत शिंपल्याचा फोटो लहान, साडूचा मोठा. बायकोने कात्रण फ्रिजवर लावलं. बहिणीचा नवरा आहे, कौतुक नको का, म्हणाली. मला काहीच वाटलं नाही. दार जोरात आपटून पाहिलं. कात्रण पडत नाही.

४ मार्च
लॅबमध्ये त्याला पिपेट धरायला मीच शिकवलं. आता साहेब त्याला ‘सर’ म्हणतात. शिवाय शिंपले काय, कोणीही तपासेल. पळतात थोडेच? संकल्प : आपणही एक धातू शोधायचा.

९ मार्च, सकाळ
मत्स्यशेतीच्या तळ्यावर गेलो. बाटली धरून वाकायला कंबर तयार होईना. घरची जस्ती बादली दोरीने तळ्यात सोडली. डोकं लागतं.

१२ मार्च
जस्त! मर्यादेच्या कितीतरी पट! जस्त चिमूटभर हवंच, त्याशिवाय जखमही धड भरत नाही. अति झालं की माशांचे कल्ले निकामी. साडूचंही तसंच आहे. चिमूटभर बरा.
कोरा नमुना, म्हणजे तुलनेसाठी शुद्ध पाण्याचा, घेतला का, असं त्याने विचारलं. जळतो मेला. थेट साहेबांकडे गेलो.

१३ मार्च
तळ्यावरची मासेविक्री बंद! मालकीणबाई लॅबमध्ये येऊन रडल्या. मासे चांगले पोहताहेत हो, म्हणाल्या. मी समजावलं, विज्ञान पोहण्यावर चालत नाही. जागेवर येऊन चहा घेतला. निम्मा बेसिनमध्ये ओतला.

१७ मार्च
साडू स्वतः पाणी घेऊन आला. प्लास्टिकच्या बाटलीत, कोपरापर्यंत हातमोजे घालून. केवढा देखावा! जस्त नावापुरतं निघालं. मशीन बिघडलं असणार.

१८ मार्च
मशीन ठीक आहे.
साडूने माझी बादली लॅबमधल्या शुद्ध पाण्याने भरून तासभर ठेवली. त्या पाण्यात तळ्याइतकंच जस्त. सगळे बादलीकडे बघत होते. मीही बघितलं.

१९ मार्च
नोकरी गेली असं धरून चाललो होतो. साहेबांसमोर साडू म्हणाला, निष्कर्ष मी तपासायला हवा होता, चूक दोघांची. मग मालकीणबाईंकडेही तोच गेला, विक्री सुरू झाल्याचं सांगायला. मी गाडीत बसून राहिलो. उतरावंसं फार वाटत होतं.
एवढा चांगुलपणा माणसाने कुठे ठेवायचा? भांडला असता तर बरं झालं असतं.

६ जून
साडूचा नवा पेपर. विषय : नमुना घेताना होणारे घोटाळे. शेवटी आभार. त्यात, ‘बादलीसाठी’ म्हणून माझं नाव. ड्रायव्हरच्या खाली.
आईला दाखवलं. चष्मा पुसून तिने वाचलं. बारीक आहे रे, म्हणाली, पण छापून आलंय.
फ्रिजवर जुन्या कात्रणाशेजारी मीच त्याला जागा करून दिली.