धवल्यात मागितलेली नोकरी

आये,

मी बोलते आहे आणि सून लिहिते आहे. ती शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेते, म्हणून माझं 'नाय' तिच्या हातात गेलं की 'नाही' होतं. होऊ दे. तुला तरी कुठं वाचता येत होतं! तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आता तू गेलीस तेव्हा होतीस त्याहून म्हातारी आहे, तेव्हा थोडं उलट बोलले तर ऐकून घे.

संध्याकाळी ओट्यावर सून पोरांना निबंध शिकवते. वर्णन करताना डोळ्यांपुढं दिसेल असं लिहा, पटवायचं असेल तर समोरच्यालाच प्रश्न विचारा, मुद्दा फिरून फिरून सांगा. मी बाजूला वाल सोलत बसते आणि हसते. "काय झालं आई हसायला?" म्हणून ती विचारते. काय सांगू तिला? मला तू दिसतेस, मिठागरावर, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली, मीठ ओढता ओढता मला लग्नात गायचे धवले शिकवणारी. आपल्या लग्नात तेव्हा भटाआधी धवलारीण लागायची. ती गाईल तसं लगीन पुढं सरकायचं, आणि ती गात असताना वरमाईलासुद्धा मध्ये तोंड उघडायची सोय नव्हती. तू म्हणायचीस, "पोर दुःखी हाय, असं गाऊ नको गो. दुःख कोणाला दिसतं? चूल दिसते. उद्या ती चूल कोण सारवील, इतकं इचार आणि गप ऱ्हा. बाया आपोआप पदर डोळ्याला लावतील." आणि विहिणीकडं काही मागायचं असेल तर आधी तिला डोंगराएवढी कर, मग माग, हेही तुझंच. सून म्हणते, ह्याला अतिशयोक्ती म्हणतात. आपण त्याला विहिणीला फुगवणं म्हणायचो.

माझ्या लग्नात तूच गायलीस. सासरच्या दारात गोड्या पाण्याची विहीर, परसात शेवग्याची सावली, असं काही गायलीस की मी रडायचं सोडून घागर कुठली न्यायची याचा विचार करत निघाले. दुसऱ्या दिवशी दार उघडते तर समोर खाडी. शेवगा नाही, विहीर नाही, गोडं पाणी पार वरच्या गावात. माहेरी आले तेव्हा तुला विचारलं, तर तू काय बोललीस? "अगो, मी काय तुझं सासर बघितलं होतं?" माझी चूक एवढीच, की सगळ्या जगाला कळतं ते मला कळलं नाही. धवला खरा धरायचा नसतो.

हे कळूनही म्हातारपणी मी तेच केलं. नातीचं लगीन ठरलं, रोह्याकडं, निडीला. पोर डोलवीच्या कंपनीत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात काम करते. शिकून, धडपडून मिळवलेलं काम. सोयरीक बोलताना त्यांच्याकडच्या माणसांनी सांगितलं, लग्नानंतर कंपनीत जाणं बंद. आमच्या बाप्यांनी माना हलवल्या. पोर मागच्या दारी येऊन माझ्यापाशी बसली. रडली नाही. "आजी, माझं काम नको सुटायला," एवढंच बोलली. मी म्हटलं, थांब, धवलारणीची लेक आहे मी. मांडवात डीजेवाल्याला गप बसवलं आणि उरलासुरला आवाज काढला:

विहीणबाई गो, मन तुझं डोंगराएवढं,
सकाळची गाडी माझ्या लेकीला देशील का?
विहीणबाई गो, घर तुझं भरलेलं,
कामावरची खुर्ची तिची ठेवशील का?

तीनदा फिरवून गायले, तू सांगितलं होतंस तसं. काय सांगू आये, सगळा मांडव रडला. पोरांनी मोबाईल वर धरले. सगळ्यांत जास्त विहीण रडली. मला मिठी मारून म्हणाली, "आजी, काय गायलात! आमच्याकडं आता असं कोण गात नाय." आणि पोरीला घेऊन गेली. कामाचं नाव नाही. दिवस चालले, ऑफिसातून पोरीला फोन येऊ लागले, येतेस की दुसरी घेऊ? पोर मला फोनवर सांगते, "आजी, तुझं गाणं सासूबाई रोज लावतात." मी कपाळाला हात लावला.

मग सुनेला घेऊन निडीला गेले. स्टेशनावर उतरेपर्यंत गुडघे सगळी गाऱ्हाणी बोलून मोकळे झाले होते. विहीण सुकट निवडत बसली होती. आता ना आवाज होता, ना दम. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "विहीणबाई, पोरीला कामावर जाऊ द्या."

तिचा हात थांबला. "तिला जायचं हाय? मला कोण बोललं?"

"मी बोलले. मांडवात."

"ते गाणं होतं ना आजी! गाण्यात काय कोणी खरं मागतं? माझ्या लग्नात माझ्या आयशीनं चंद्र मागितला होता. मिळाला काय?"

तिनं निवडलेली सुकट बाजूला सारली. मग म्हणाली, "सोमवारपासून जाऊ दे. ह्यांना मी सांगते. पण रातची भाकर तिची."

"करील की. तुमच्यापेक्षा जाड करील, एवढंच."

विहीण हसली. तिथं धवला लागला नाही, आये. तुझ्याकडून रडवायचं शिकले. मागायचं ते साधं मागायला हे वय यावं लागलं, आणि तेही दम संपला म्हणून.

आता पोर पहाटे निडीहून गाडी पकडते, पेणला उतरते, पुढं कंपनीची बस. रात्री भाकरी. रविवारी झोपते. तिला हवं होतं ते तिला मिळालं, माझ्याकडं यायला तेवढा दिवस उरला नाही. फोन करते, विचारते, "आजी, कशी हायस?" मी लगेच रंगवून सांगते, गुडघे भजन करतात, दात गावाला गेलेत, आणि ती हसते. दमलेलं पोर हसतंय म्हणून मी आणखी दोन गमती जोडते.

सून विचारते, कागदाचं काय करू. म्हटलं, ठेव कुठंतरी, तुझ्या आजेसासूला टपाल जात नाही. विहिणीच्या दारात जाऊन पोरीसाठी साधं मागून आले खरं. पण "मला करमत नाही, ये," असं पोरीला अजून एकदाही बोलले नाही.