कानाचं मशीन आणि जपानी लोहार

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

दूध जळलं. पातेलं काळं ठिक्कर. धुराचा अलार्म पाच मिनिटं केकाटत होता म्हणे – मी शेजारच्या खोलीत, मला काहीच ऐकू नाही! लीला वरून उतरून आली, तिनेच गॅस बंद केला. मग खुर्चीत बराच वेळ बसून राहिली. काहीतरी म्हणाली. मी मान हलवली.

उदयचा लंडनजवळच्या इल्फर्डहून फोन. लीलाने कागदावर लिहून दाखवलं – 'आई, बाबांनी कानाचं मशीन रोज लावलं नाही, तर कॉव्हेंट्रीचं घर बंद करून इकडे या. बारा तारखेला येतोय, तेव्हा ठरवू.'

एक्केचाळीस वर्षं या घरात काढली. त्याच्या चिमुकल्या बॉक्स रूममध्ये बसून काय करू? कचऱ्याचा बिन बाहेर ठेवला का? बघून येतो.

ठेवला होता.

३० सप्टेंबर

मशीन मार्चपासून देव्हाऱ्यात, डबीत. हॉस्पिटलला जाताना लावतो, आलो की काढतो. लावलं की साधा नळसुद्धा अंगावर येतो! लीला कानाशी येऊन ओरडली, "तुमचं मशीन म्हणजे पाहुण्यांपुरत्या काढायच्या कपबश्या!"

२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा केली. मायक्रोमीटर, दोन कानशी, आणि यंदा कानाचं मशीनही. हळदकुंकू भरपूर वाहिलं. जरा बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

अन्वी जेवायला आली. उदयची मुलगी, इथे युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. तिला निबंध आहे – जपान आणि चीन, दोघांनी गोऱ्यांच्या तोफा-बंदुका घेतल्या, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. का?

माझं शिक्षण नववी नापास. पण तिने कागदावर बंदुकीची नळी काढली आणि माझ्या अंगावर काटा आला.

पोर्तुगीज जपानच्या एका बेटावर आले, पावणेपाचशे वर्षांपूर्वी. तिथल्या सरदाराने दोन बंदुका घेतल्या आणि लोहाराला म्हणाला, अशीच कर. त्याने नळी केली. पण मागचं टोक बंद होईना! ते स्क्रूने बंद करायचं, आणि आतून आटे कसे पाडायचे ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आतले आटे! लेथ नाही, आटे पाडायचा टॅप नाही! मी फॅक्टरीत लेथवर टर्नर होतो, पहिले आतले आटे जमायला मला दोन महिने लागले, तेही फोरमन डोक्यावर उभा असताना. या लोहाराने वर्षभर वाट पाहिली, पुढचं जहाज आलं त्यावरच्या कारागिराकडून शिकला. त्यासाठी स्वतःची मुलगी त्या परक्याला देऊन टाकली म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. थोड्याच वर्षांत तिथे हजारो बंदुका!

"आणि चीन?"

अन्वी कानाशी ओरडली, "आजोबा, गनपावडर तर त्यांचाच होता! नंतर, दीडशे वर्षांपूर्वी, जर्मनीकडून मोठा जहाज घेतला, जपानपेक्षा मोठा. पण बाकी सगळं सेम ठेवला. मुलांना अमेरिकेला शिकायला पाठवलं, मग भीती वाटली, मुलं बदलतात. अर्ध्यातून परत बोलावलं!"

त्याच काळात जपानने शाळा बदलल्या, कायदे बदलले, घरोघरची पोरं पलटणीत घेतली. दोघांची लढाई झाली तेव्हा चीनचं दक्षिणेकडचं आरमार बसून राहिलं. उत्तरेला म्हणे, ही तुमची लढाई, आमची नाही! जपान जिंकला.

"म्हणजे चिनी मूर्ख?"

"नो, आजोबा! हुशार होते. देश खूप मोठा, प्रत्येक साहेब वेगळा. आणि आपलं जुनं चांगलं आहे असं वाटायचं त्यांना. जपान लहान होता, घाबरला होता." मग म्हणाली, शिकून जपानने शेजाऱ्यांचे फार हाल केले, तेही लिहायचंय.

घाबरतो तर मीही. रोज घाबरतो. मग मशीन डबीत ठेवून मी चीन कसा झालो?

जाताना तिने देव्हाऱ्यातली डबी उघडली. "आजोबा!! कुंकू आत गेला!"

७ ऑक्टोबर

कानाच्या क्लिनिकला गेलो. तिथल्या मुलीने ब्रशने कुंकू काढलं, हसू दाबत. मग मशीन कॉम्प्युटरला जोडलं – ते सगळं लिहून ठेवतं! रोजचा वापर सरासरी चार मिनिटं. तिने पाटीवर लिहिलं, कानाला नाही, डोक्याला सवय लागते. रोज दहा तास.

म्हणजे विकत घेतलेलं जहाज नुसतं उभं करून चालत नाही. लोहाराला विचारा.

८ ऑक्टोबर

नऊ तास. डोकं फुटतंय. पण फ्रिज गुणगुणतो! वर्तमानपत्र खडखडतं! एवढं सगळं चालू होतं आणि मी आपला शांत बसलेलो.

१० ऑक्टोबर

दहा तास. पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या त्या लोहाराला हात जोडले.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी घरात शिट्टी ऐकू आली. मशीन बिघडलं वाटलं. काढलं, फुंकलं, पुन्हा लावलं. केटल नाही, बॉयलर नाही. शोधत जिन्यापाशी गेलो. लीला चौथ्या पायरीवर बसलेली. शिट्टी तिच्या छातीतून येत होती.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. सांगत होते की. तुम्ही मान हलवायचात."

१११ ला, आरोग्यसेवेच्या नंबरला, फोन केला. मीच केला. त्या बाईचा शब्दन् शब्द ऐकला. अँब्युलन्स येतेय. उदयही आज येतोय. तो म्हणेल तिथे राहीन.