पेटीचा हुकूमनामा

१४ जून १९४४. संध्याकाळ.

केस जिंकलो. वकील न लावता.

जजसाहेब जजमेंट वाचत होते तेव्हा योसेफ मान खाली घालून उभा होता. योसेफ म्हणजे माझा साडू, मरियाच्या धाकट्या बहिणीचा, दयाचा नवरा. धंदा सुतारकी. गेल्या साली ईस्टरला माझी पेटी भाता फाटला म्हणून दुरुस्तीला घेऊन गेला तो गेलाच. वर दर रविवारी चर्चमध्ये तीच पेटी वाजवतो, माझ्या देखत. आणि लोक डोळे मिटून ऐकतात. किळस येते.

हुकूम असा: योसेफने पेटी मला द्यावी, पेटी न मिळाल्यास चाळीस रुपये द्यावेत. चाळीस रुपयांचे वाक्य नुसते रिवाजाचे. मला पैसे नकोत, पेटी पाहिजे. यंदा नाताळचे कीर्तन मीच करणार. मागे एकदा केले होते तेव्हा माणसे निम्म्यातून उठली, पण त्या साली थंडीच फार होती.

कोर्टाबद्दल न लिहिलेले बरे. तरी लिहितो. भिंती कमरेपर्यंत पिचकाऱ्यांनी लाल. बाकाला खिळा. धोतर फाटले. माठात मेलेली माशी, आणि तेच पाणी सगळे पितात.

संकल्प: आठवड्यात पेटी घरात. रोज पहाटे दोन तास प्रॅक्टिस. मिशनच्या शाळेत इतकी वर्षे मास्तरकी केली, शिस्त मला नवी नाही.

२३ जून. दुपार.

हुकूमनामा मिळाला म्हणजे पेटी मिळाली असे नव्हे, हे आज कारकुनाकडून कळले. आधी नकलेचा अर्ज. नक्कल मिळाली की हुकूम बजावण्याची दरखास्त. दरखास्तीला स्टँप. मग बेलिफाचा भत्ता. मग तारीख. विचारले, जिंकले कोण? म्हणाला, तुम्हीच जिंकलात मास्तर, म्हणून तर खर्च तुम्हाला.

माझा अर्ज चाळताना बोट जिभेला लावत होता. जिभेवर तंबाखू. प्रत्येक पानावर त्याच्या बोटाचा पिवळा ठसा. रात्रीचे जेवण गेले नाही.

पेटी येईपर्यंत पोळपाटावर खडूने पट्ट्या काढून प्रॅक्टिस सुरू केली आहे. बोटे पोळपाटावर, सूर तोंडाने. मरिया म्हणाली, भाकरी कशावर थापू. बाईला कलेची जाण नाही, पण मनाने साधी आहे.

११ जुलै.

बेलीफ चांदभाई आला. पेट्रोल लढाईला, म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटरीने आला, त्यामुळे तोंड काळे, डगला काळा. आल्या आल्या माझ्या टॉवेलला तोंड पुसले. मरियाने कोंबडी कापली होती. निम्मी एकट्याने खाल्ली आणि खळखळून चूळ भरून पाणी माझ्या तुळशी-गवतीचहाच्या वाफ्यात टाकले.

बातमी फुटू नये म्हणून मी मरियाशिवाय कोणालाही सांगितले नव्हते. तरी योसेफच्या घरी पेटी नाही. जिथे ठेवायचा तिथे धुळीत चौकोन तेवढा उरलेला. दया चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, दाजी, पेटी पहाटंच कुनीतरी घिऊन गेलं, आमाला काय ठावं. चांदभाईने लिहिले: माल मिळून आला नाही. लिहून पुन्हा माझ्याकडेच चहाला आला.

योगायोग विचित्र. मरिया आज पहाटे बहिणीकडे विरजण आणायला गेली होती. तिथे काही पाहिलेस का विचारले. न्हाई म्हणाली. घरात आज दूध नव्हते, तरी विरजण आणून ठेवते. काटकसर तिच्याकडून शिकावी.

१२ जुलै.

किळस. काही लिहीत नाही.

८ ऑगस्ट.

दुसरी खेप. पुन्हा भत्ता, पुन्हा कोंबडी, पुन्हा टॉवेल.

या वेळी कोर्टाची मेहनत फळाला येत होती. भर दुपारी चर्चमधून पेटीचा आवाज. माझ्या पेटीचा, शंकाच नको. मी आणि चांदभाई धावत गेलो. दार लोटले तर पंधरा-वीस माणसे माना खाली घालून उभी आणि पाळकसाहेब प्रार्थना करताहेत. चांदभाईने टोपी सारखी केली आणि दारातच उभा राहिला. मी म्हणालो, आत चला. म्हणाला, मास्तर, इबादत चालू आहे, मधे बोलणार नाही. बेलिफाला नको तिथे धर्म आठवतो.

प्रार्थना संपेना. पाऊसपाणी झाले, लढाईवर गेलेली पोरे झाली, आजारी झाले, म्हशीसुद्धा झाल्या. शेवटी पाळकसाहेब म्हणाले की आमच्या मंडळीवर दारात येऊन ठेपलेले संकट टळो. सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. मीही म्हणालो.

मग झडती घेतली. पेटी नाही. मागचे दार सताड उघडे.

पंचनाम्याला गहिनीनाथ तेल्याला बोलावले. चर्चशेजारीच त्याचा घाणा, आवाज त्याने ऐकलेला असणारच. म्हणाला, वाजत हुतं खरं, पर आमाला वाटलं पाळकसायेबच गात्यात. आणि माल मिळून आला नाही याच्याखाली तेलकट अंगठा उठवून मोकळा झाला. कागदाला आता पेंडीचा वास येतो.

लोक योसेफच्या दहशतीखाली आहेत, दुसरे कारण दिसत नाही.

१९ सप्टेंबर. रात्री मोटर चुकली, पायी आलो.

घडले ते नीट लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात राहात्याच्या बाजारात मी माझी पेटी ओळखली. रज्जाक नावाचा कव्वाल लिंबाखाली बसून वाजवत होता. योसेफने ती तिथे दडवली हे उघड होते. चांदभाईला नेऊन जप्त करवली. रज्जाकने मला जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मलाही त्यातले दोन नवीन होते.

आज कोर्टापुढे रज्जाकची हरकत. म्हणे पेटी बापजाद्यांची. जजसाहेबांनी मला विचारले, तुमची कशावरून? म्हणालो, आवाजावरून. वाजवून दाखवतो. त्यांनी घड्याळाकडे पाहून होकार दिला.

तेविसावे स्तोत्र घेतले. आवाज लागला होता. दुसऱ्या कडव्याला जजसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. तिसऱ्याला कपाळ दोन्ही हातांत धरले. कारकून उठून बाहेर गेला, त्याला भावना आवरल्या नसाव्यात. चांदभाई आधीच बाहेर होता. चौथे कडवे सुरू करणार तोच जजसाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, पुरे. इतका भारावलेला माणूस मी पाहिला नाही.

पण कायदा आंधळा. रज्जाकने पेटी पालथी केली तर बुडाला त्याच्या बापाचे नाव कोरलेले. पेटी त्याला परत, वर त्याचा जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडून. जाताना त्याने दोन ओळी वाजवल्या. बोट साफ आहे, पण उथळ. कोर्टातले सगळे परत आत आले होते.

१० ऑक्टोबर.

नवा हुकूम. पेटी सापडत नाही सबब योसेफने नोव्हेंबरअखेर चाळीस रुपये कोर्टात भरावेत, न भरल्यास त्याच्या मालावर जप्ती.

आधी वाईट वाटले. मग विचार केला. चाळीस रुपये त्याने जन्मात एकत्र पाहिले नसतील. पैसे नाहीत म्हटल्यावर झक मारत पेटी आणून देईल. म्हणजे हुकूम माझ्याच बाजूने.

जप्त करायच्या मालाची मी यादी केली होती. चांदभाईने ऐकून घेतली आणि एकेक खोडत गेला. रंधा, करवत, वाकस जप्त होत नाहीत, ती पोटाची हत्यारे. हंडी, तवा, परात नाही. अंथरूण नाही. अंगावरचे कपडे नाहीत. विचारले, मग उरले काय? म्हणाला, एक कुत्रं दिसलं मास्तर, पण चावतं.

परतताना ओढ्याजवळ योसेफ भेटला. म्हणाला, मास्तर, मी पेटी आजच्या आज डोक्यावर घिऊन तुमच्या दारात ठिवली असती. पन लोक दिऊ देत न्हाईत. हात जोडत्यात. म्हनत्यात, नाताळापत्तुर तरी धर.

लोकांवर ढकलतो. असा डरपोक माणूस आमच्या नात्यात यावा.

१९ नोव्हेंबर. रविवार.

चर्चमध्ये आज दोनदा थाळी फिरली. दुसरी कशाची विचारले. बाकावरचे एकमेकांकडे पाहू लागले. मग पाळकसाहेब म्हणाले, घंटेच्या दोराची. दोर खरेच कुजला आहे, मीच दोनदा तक्रार केली होती. माझ्या शब्दाला अजून वजन आहे हे पाहून बरे वाटले. चार आणे टाकले. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. योसेफने तर तोंडच फिरवले. दानत पाहिली की असल्या लोकांना लाज वाटते.

गहिनीनाथ तेली चर्चचा नव्हे, त्यानेही बाहेर उभा राहून रुपया दिला म्हणे. घंटेचा आवाज त्यालाही आवडत असावा.

कीर्तनाचे आख्यान निम्मे लिहून झाले. अडीच तासांत बसेल.

३० नोव्हेंबर.

योसेफने पैसे भरले. सगळे. काल.

चोरी केली असणार.

४ डिसेंबर.

कोर्टात जाऊन रक्कम घेतली. कोर्टाची तिजोरी सांभाळणारा नाझर म्हणाला, मास्तर, धोतराचा सोगा पसरा, सुटे आहेत. रुपये थोडे, बाकी चवल्या, आणेल्या, ढब्बू पैसे. काहींना तेल, काहींना हळद. हात लावायची किळस येत होती.

नाझर गप्पिष्ट. म्हणाला, नोकरीत केस पिकले, पण एकाचे देणे सगळ्या गावाने वर्गणी काढून भरले असे पाहिले नाही. हा सुतार मोठा भला असला पाहिजे. एका बाईने तर म्हणे खुराड्यातल्या साऱ्या कोंबड्या विकून पैसे दिले. म्हणालो, असेल कोणी मूर्ख बाई.

म्हणजे पेटी आता कायद्याने योसेफची. माझ्याच हुकूमनाम्याने.

घरी येताना चर्चवरून आलो. घंटेला तोच कुजका दोर. तेव्हा माझ्याविरुद्धच्या वर्गणीत माझेही चार आणे आहेत. दावा लावून वसूल होतील का, पाहिले पाहिजे.

मग घरी पोचलो. बऱ्याच दिवसांनी खुराड्याकडे नजर गेली. रिकामे. मरियाला विचारले, कोंबड्या कुठे? म्हणाली, मानमोडी आली. सगळ्यांना एकदम? म्हणाली, व्हय. माझ्याकडे न बघता भाकरी थापत होती. अंगणात एक पीस दिसले नाही.

पुढे विचारले नाही. विचारायला तोंड उघडले होते. भीती वाटली, हे स्वतःशी कबूल करायला हरकत नाही.

१५ डिसेंबर. नगर.

नवी पेटी घ्यायला आलो. दुकानदाराने चाळीस रुपये बघून माझ्याकडे दयेने पाहिले. पेटीतले पितळी सूर जर्मनीहून यायचे, लढाईमुळे बंद. जुनी पेटीसुद्धा ऐंशीच्या खाली नाही. एक मोडकी होती, तिच्यातून झुरळ निघाले.

खानावळीत भातात खडा. दाढेचा तुकडा पडला.

आख्यान परत गुंडाळून पिशवीत ठेवले. मोटरीत शेजारी एकजण ओकला. पिशवीवर.

२५ डिसेंबर. संध्याकाळ.

जाणार नव्हतो. मरिया नवे लुगडे नेसून दारात नुसती थांबली. गेलो.

पाळकसाहेबांनी कीर्तन केले. पेटी योसेफने. बरी वाजवतो. लिहायला जड जाते, पण बरी वाजवतो. भाताही नीट बसवला आहे.

दुसऱ्या गीताला बायकांच्या बाजूने एक आवाज वर आला. मोकळा, भरलेला. योसेफने पेटी हळू केली, बाकीचे एकेक गप्प झाले, आणि तो आवाज एकटाच राहिला. माझ्या अंगावर काटा आला. कोण म्हणून मान वळवली तर मरिया. डोळे मिटून गात होती. संसाराला इतकी वर्षे झाली, ही बाई गाते हे मला माहीत नव्हते.

बाहेर आल्यावर दयाला गाठले. विचारले, ही कधीपासून गाते? म्हणाली, अक्का व्हय? ल्हानपनापसून, दाजी. आमच्या गावात लोक लांबून ऐकायला यायचे. मग लगीन झालं. तुमी घरात सारखं वाजवायचा, मग तिनं सोडलं.

कंदील घेऊन मरिया पुढे चालत होती, मी मागे. वाटेत तिच्याशी काहीतरी बोलावे असे फार वाटले. नीट शब्द जुळेनात. उद्या बोलेन.